गालावरचा गेरू

माझ्या मुलीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. जन्मापासून नाही, पाचवीत असताना गालगुंड झालं आणि त्यात तो कान गेला. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. एरवी मी ही गोष्ट सांगायला बसले की मधेच कुठंतरी कानाचा उल्लेख येतो, समोरचा माणूस "अरेरे" म्हणतो आणि पुढचं त्याच्या डोक्यात शिरत नाही. मला ते "अरेरे" नको आहे. मला राग आलेला आहे, आणि तो नेमका कुणाकुणावर आहे हे मला एकदा क्रमानं लिहून काढायचं आहे. मी शाळेत गणित शिकवते. मधल्या पायऱ्या गाळलेल्या मला चालत नाहीत.

पहिली पायरी हुरड्याची.

माझं माहेर जामखेडच्या बाजूला, कोरडवाहू रानात. धाकटा भाऊ तिथं शेती करतो. संक्रांत झाली की त्याचा फोन येतो, "आक्का, हुरडा आलाय, रविवारी या समदी." मग मी, नवरा आणि मुलगी नगरच्या सावेडीतून पहाटेच गाडी काढतो. ज्यांनी हुरडा फक्त हायवेवरच्या हॉटेलात बशीत मांडलेला खाल्लाय, त्यांच्यासाठी सांगते. रानात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात. त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसतात. भाजलेलं गरम कणीस एक जण तळहातावर चोळतो, दाणे मोकळे करतो, मग तोंडाजवळ नेऊन फू फू करून फोलपटं उडवतो आणि तो हिरवा गरम दाणा दुसऱ्याच्या ओंजळीत टाकतो. चोळणारा एक आणि खाणारे दहा. आमच्याकडं चोळायचा मान भावाचा. त्याचे तळहात चामड्यासारखे झालेत, त्याला चटका लागत नाही, आणि त्याची फुंकर अशी की एक फोलपट राहत नाही. पहिली ओंजळ माहेरवाशिणीची, आणि मुलगी झाल्यापासून तिची.

त्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा भाऊ आगटीपाशीच बसला होता. डोक्याला मफलर, आणि मफलरच्या खाली उजवा गाल कानापासून जबड्यापर्यंत टम्म फुगलेला. त्यावर गेरूचा लालभडक लेप.

"काय रे, काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई, दाढ सुजलीय," तो म्हणाला. तोंड पुरतं उघडत नव्हतं त्याचं.

दाढेला कुणी गेरू लावत नाही. आमच्या भागात गेरू गालगुंडालाच लावतात. लहानपणी आम्हा भावंडांच्या गालांवर तो लावलेला मला आठवतो. तिथं बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. शेजारच्या रानातले दोघं-तिघं बसले होते, त्यांना ठाऊक होतं. भावजयीनं स्वतःच्या हातानं गेरू उगाळून लावला होता, तिला तर होतंच. तरी सगळ्यांनी मान डोलावली. एक जण म्हणाला, "लवंग धरा दाढंखाली." मला तेव्हा हसू आलं होतं. आज तो माणूस समोर आला तर मी त्याला काय बोलेन याचा नेम नाही.

भावानं कणीस काढलं, चोळलं, तोंडाजवळ नेलं आणि फुंकर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मग मुलीला म्हणाला, "ये गं माझी बाय, हात कर." तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली.

मी तिथंच, हातभर अंतरावर बसले होते. माझ्या जिभेवर शब्द आले होते. शाळेत मला पोरं घाबरतात, शिपाई घाबरतात, खुद्द मुख्याध्यापक माझ्याशी जपून बोलतात. भाजीवाल्यानं एक किडकं वांगं टाकलं तरी मी गाडी वळवून परत जाते. आणि तिथं मी गप्प बसले. भावाला वाईट वाटेल. चार लोकांत त्याचा अपमान होईल. नगरला जाऊन आक्का शहाणी झाली, आता भावाच्या हातचं चालंना तिला, असं गावभर होईल. एवढ्यासाठी. मुलीनं ओंजळ तोंडात रिकामी केली आणि तोंड भरलेलं असतानाच "अजून" म्हणाली.

परत येताना गाडीत नवऱ्यानं विचारलं, "गालगुंड होतं का गं त्याला?"

"दाढ आहे म्हणाला ना तो," मी म्हटलं. "तुम्हाला माझ्या माहेरच्यांचं काहीतरी काढायचंच असतं."

तो बिचारा गप्प झाला. माझ्यापुढं तो नेहमीच गप्प होतो, आणि तो गप्प झाला की माझंच बरोबर होतं असं मी धरून चालते.

आता दुसरी पायरी. ती खरं तर पहिलीच्या कितीतरी आधीची आहे, पण मला ती नंतर कळली, म्हणून नंतर लिहिते.

मुलगी सव्वा वर्षाची असताना आमच्या मुलांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, "सरकारी दवाखान्यात जी लस दिलीत ती गोवर आणि रुबेलाची आहे. गालगुंडाची त्यात नसते. गोवर, गालगुंड आणि रुबेला अशी तिन्हींची एकत्र लस माझ्याकडं आहे, ती देऊन घ्या. आणि पुढचा डोस चुकवू नका." मी मान हलवली आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "धंदा आहे सगळा. सरकार फुकट देतंय ते काय उगीच का? गरज असती तर त्यांनीच दिली नसती का?" दुसऱ्या दिवशी हेच मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी तर माझं ऐकून त्यांच्या मुलाची लस रद्दच केली. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या, पगारदार घरांतला हा एक मोठा आजार आहे: डॉक्टर आपल्याला फसवतोय हे ओळखलं की आपण हुशार. आम्ही भाजीवाल्याशी घासाघीस करतो तशी डॉक्टरशी करतो. आणि ह्यात गंमत म्हणजे मुलीचं लसीकरणाचं कार्ड मी लॅमिनेट करून ठेवलं होतं. पाहुण्यांना दाखवायचे मी. एक खूण चुकली नाही म्हणायचे.

तिसरी पायरी. हुरड्यानंतर अडीच आठवडे झाले असतील. मुलीची शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली होती. सहा महिने आम्ही दोघी त्यासाठी पहाटे उठत होतो. तिला बुद्धिमत्ता चाचणीत एकही चूक होऊ द्यायची नाही हा माझा पण होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आई, चावताना दुखतंय." हात लावून बघितलं तर अंग कोमट. संध्याकाळी लिंबू पिळलेली आमटी तोंडात घेतली आणि ती कळवळून रडायलाच लागली. आंबट खाल्लं की लाळ सुटते, आणि ती लाळ जिथून येते त्या ग्रंथीच सुजलेल्या असतात, हे मला नंतर डॉक्टर बाईंनी सांगितलं. तेव्हा मी म्हटलं, "नाटकं करू नकोस, परीक्षा आली की तुझं काहीतरी दुखतंच."

सकाळी डावा गाल सुजलेला. कानाची पाळी वर उचलली गेली होती.

मी त्या गालाकडं बघत उभी राहिले. मला कळलं होतं. मला गेरू दिसला, भावाचं तोंड दिसलं, फुंकर दिसली. मला सगळं एका क्षणात कळलं होतं, आणि पुढच्या क्षणी मी कपाटातून उबदार स्कार्फ काढला. तिला तापाची गोळी दिली. स्कार्फ हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट बांधला आणि म्हटलं, "कुणी विचारलं तर दाढ दुखतेय म्हणून सांग."

नवरा दारात उभा होता. "अगं, पण..." म्हणाला.

"सहा महिने!" मी ओरडले. "सहा महिने मेहनत केलीय पोरीनं!"

तो बाजूला झाला. परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. मी तिला फाटकापाशी सोडलं. तिच्या शेजारच्या बाकावर तिच्याच वर्गातली, तिची अगदी जिवाची मैत्रीण होती, क्रमांक लागोपाठचे. दोघी हात हलवत आत गेल्या. दोन पेपर आणि मधे सुट्टी. दुपारी मुलगी बाहेर आली तेव्हा तापानं फणफणली होती. "गणितात एकच चुकलं," ती म्हणाली. मी खूश झाले. मी खरंच खूश झाले होते, हे लिहायला मला लाज वाटते, पण पायरी गाळायची नाही असं ठरलंय.

परीक्षा झाल्यावर मात्र मी तिला डॉक्टरांकडं नेलं. बाईंनी दोन्ही गाल चाचपले, तोंडात बघितलं, आणि मग माझ्याकडं बघितलं.

"लस घेतली नव्हती ना ती?"

मी म्हटलं, "सगळ्या घेतल्यात. कार्ड आहे माझ्याकडं."

"कार्डवर ती नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं. तुम्ही मान हलवली होती."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हा विषाणू आहे, थुंकीतून, खोकल्यातून, उष्ट्यातून पसरतो. त्याला मारणारं औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. शरीर स्वतःच त्याला हटवतं. आपण फक्त ताप आणि दुखणं कमी ठेवायचं, तेही पॅरासिटामॉलनं, मुलांना ॲस्पिरिन कधीच द्यायची नाही. पेज, मऊ भात, खिचडी, भरपूर पाणी. आंबट काही नको. गालाला शेक बरा वाटला तर शेक, गार बरं वाटलं तर गार. गेरू लावून काही बिघडत नाही आणि काही होतही नाही. खूप डोकं दुखलं, उलट्या झाल्या, मान ताठली, पोटात कळा आल्या किंवा ऐकू कमी आलं तर लगेच यायचं. आणि गाल सुजल्यापासून पाच दिवस घराबाहेर काढायचं नाही, वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळा टॉवेल. "आजच कळलं ना?" त्यांनी विचारलं. "शाळेत नाही ना गेली?"

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं, कारण ती शाळेत नव्हती गेली, परीक्षेला गेली होती. असली खोटी खरी उत्तरं मी मुलांच्या वहीत लाल पेनानं खोडते.

दुसरा गालही सुजला. चार-पाच दिवस ती पेजेवर होती. मधे एक दिवस तिला उठताना गरगरलं, भिंतीला धरून चालली. मी म्हटलं, अशक्तपणा आहे. आठवड्यानं सूज उतरली, ती शाळेत गेली आणि घरात सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

मार्चमध्ये मी ब्लाउज शिवायला टाकायला गेले. आमच्या दोन गल्ल्या सोडून मुलीच्या त्या मैत्रिणीची आई घरीच शिवणकाम करते. माझे सगळे ब्लाउज तिच्याकडंच. ती माझ्या दंडाचं माप घेत होती आणि तोंडात टाचण्या धरून बोलत होती. तिची मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. दोन्ही गाल सुजलेत, म्हणाली. "आठ दिवस झाले बघा. काय काय करून बघितलं. कुठून आलं कुणास ठाऊक."

टेप माझ्या दंडाभोवती होती. मी म्हटलं, "साथ आहे म्हणे."

"असेल," ती म्हणाली आणि आकडा वहीत लिहून घेतला.

एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षा संपल्यावर, दुपारची मी मुलीशेजारी लवंडले होते. ती कुशीवर होती, उजवा कान उशीत. मी काहीतरी बोलत होते, ती उत्तर देईना. मी चिडून तिला हलवलं. तिनं डोकं उचललं आणि म्हणाली, "काय? अगं, असं झोपलं की सगळं बंद होतं ना."

"काय बंद होतं?"

"सगळं. तू, पंखा, बाहेरच्या गाड्या." आणि मग ते सगळ्यांचंच होतं असं समजून, अगदी सहज, "मला आवडतं तसं झोपायला. शांत वाटतं," म्हणाली.

मी तिला उठवून बसवलं. उजवा कान माझ्या तळहातानं दाबून धरला आणि डाव्या कानाशी तिचं नाव घेतलं. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात, मग मोठ्यानं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी हात कधी काढते याची वाट बघत होती.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले, आवाज आला की बटण दाब म्हणाले. उजव्या कानाचा आलेख वर सरळ होता. डाव्या कानात त्यांनी आवाज वाढवत वाढवत नेला आणि तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. गालगुंडाचा विषाणू क्वचित आतल्या कानापर्यंत जातो, त्यांनी सांगितलं. बहुतेक वेळा एकच कान जातो, दुसरा काम करत राहतो, म्हणून मुलांच्याही लक्षात येत नाही. चक्कर आली होती का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हाच आणलं असतं तर काही औषध देऊन बघता आलं असतं, गुण आलाच असता असं नाही. आता नस गेली आहे. कानाच्या मशीनचाही ह्यात फार उपयोग नाही. तिला वर्गात डाव्या हाताच्या टोकाला, पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे चांगला कान वर्गाकडं राहील. रस्ता ओलांडताना जपा. आवाज कुठून आला हे तिला कळणार नाही.

मी विचारलं, "परीक्षेला पाठवलं म्हणून झालं का?"

"नाही," ते म्हणाले. "त्यानं कान गेला नाही. पण त्या काळात तिच्यामुळं कुणाला झालं असेल तर त्या मुलांचेही कान बघायला सांगा."

घरी आले आणि पहिला फोन भावाला लावला. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तू माणूस आहेस का, म्हटलं. तुला दिसत होतं, तू गेरू लावून बसला होतास आणि माझ्या लेकराच्या घासावर फुंकर मारत होतास. कान गेला तिचा. आयुष्यभरासाठी गेला.

मग तो म्हणाला, "आक्का, माझी चूक हाय. लई मोठी चूक हाय. पर मला एक सांग, तुला त्यो गेरू दिसला न्हाई व्हय? तू बी तर तितंच बसली हुतीस की."

मी फोन आपटला. आजतागायत कुणी मला इतकं खरं बोललेलं नाही, म्हणूनच मी इतकी भडकले. संध्याकाळी भावजयीचा फोन आला. रडत होती. "वन्सं, तुमी गेल्यावर ह्येंनी आठ दिस अंथरूण धरलं हुतं," म्हणाली, आणि आवाज बारीक करून, "खाली सूज आल्ती. लाजंपायी दवाखान्यात गेलं न्हाईत. कुनाला सांगू नका." मोठ्या पुरुषांना गालगुंड झालं की कधीकधी वृषणाला सूज येते. बहुतेकांना त्यातून कायमचं काही होत नाही, पण डॉक्टरला दाखवायचं असतं, लपवायचं नसतं. आमच्याकडं सगळं लपवायचंच असतं. त्याची दाढ, माझ्या मुलीची दाढ, त्याची सूज. गेरू काय, मला तर वाटतं जुन्या लोकांनी तो औषध म्हणून नाही, पाटी म्हणूनच लावला असणार: ह्याच्याजवळ जाऊ नका. आम्ही पाटी तेवढी ठेवली आणि तिच्याभोवती गोल करून हुरडा खात बसलो.

आता शेवटची पायरी, आणि ती चढायला मला तीन दिवस लागले. भावाला शिव्या द्यायला मला तीन मिनिटंही लागली नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी शिवणकामवालीकडं गेले. मुलगी बरोबर होती. तिला म्हटलं, तू खालीच स्कूटरपाशी थांब, मी ब्लाउज घेऊन आले. वर गेले. मशीन चालू होतं. तिची मुलगी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती, बरी झालेली, गाल उतरलेले.

"बसा ना, हुक लावायचे राहिलेत," ती म्हणाली.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. माझ्या मुलीला परीक्षेच्या दिवशी गालगुंड होतं. मला माहीत होतं. मी स्कार्फ बांधून पाठवलं. त्या दिवशी तुम्ही माप घेत होता तेव्हाही मला माहीत होतं. माझ्या मुलीचा एक कान गेलाय, आणि डॉक्टरांनी तुमच्या मुलीचे कान बघायला सांगितलंय.

तिनं मशीनवरचा पाय काढला. उठून मुलीच्या मागं गेली, गुडघ्यावर बसली, तिचा उजवा कान हातानं झाकला आणि डाव्या कानाशी पुटपुटली, "आज काय खाणार?"

"थालीपीठ," मुलगी मान वर न करता म्हणाली.

तिनं हात बदलला. डावा कान झाकला. "आणि त्याच्याबरोबर?"

"लोणी. आई, गुदगुल्या होतात ना!"

ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली. मग उठली, मशीनवरून माझा ब्लाउज काढला, घडी घातली, बरोबरचं उरलेलं कापड त्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "कान तर मी डॉक्टरकडून तपासून घेईनच," ती म्हणाली. "हुक दुसरीकडून लावून घ्या. आणि आज मी तुम्हाला चहा विचारणार नाही."

मी तिच्या जागी असते तर ब्लाउज तोंडावर फेकला असता. तिनं घडी घालून दिला. ती घडी हातात घेऊन मी जिना उतरले.

खाली मुलगी स्कूटरवर बसली होती. गल्लीत भाजीवाल्याचा टेम्पो उभा होता, त्याचं इंजिन चालूच होतं.

"तिला येतं ना ऐकू?" तिनं विचारलं. "दोन्हीकडून?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, मी कशाला वर गेले होते ते. "येतं," मी म्हटलं. "तुला कसं कळलं?"

"डॉक्टरकाका म्हणाले होते ना, दुसऱ्या मुलांचे पण बघा. मी ऐकलं होतं." मग ती स्कूटरच्या आरशाकडं बघत बोलायला लागली. "त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं माझी पाण्याची बाटली मागितली. मी देणार नव्हते, आई. आमच्या पुस्तकात आहे, आजारी असलं की उष्टं द्यायचं नाही. पण नाही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, का. आणि तू दाढ सांग म्हणाली होतीस. दाढ दुखत असली तर पाणी द्यायला काय होतं? म्हणून मग मी दिली." तिनं आरशावर बोटानं रेघ ओढली. "मला वाटलं माझ्यामुळं तिचा पण कान गेला."

दहा वर्षांची मुलगी. स्वतःचा कान गेल्याचं तिनं एकदाही विचारलं नव्हतं, आणि हे ती कधीपासून मनात घेऊन त्या शांत बाजूवर झोपत होती.

मी म्हटलं, "तुझी चूक नव्हती. माझी होती."

तेवढ्यात टेम्पो निघाला आणि मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. "काय?" ती म्हणाली.

मी स्कूटरला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेले आणि पुन्हा सांगितलं. ह्या वेळी मोठ्यानं सांगितलं, शाळेत ओरडते तसं. भाजी घेऊन चाललेल्या दोन बाया थांबून बघायला लागल्या, वर खिडकीत शिवणकामवालीही आली. मी थांबले नाही. तिला नीट ऐकू जाईपर्यंत सांगत राहिले.